सरड्याची धाव कंपाउंड वॉलपर्यंत

आमच्या नेरूळच्या सोसायटीत उरलीसुरली मोकळी माती यंदा पेव्हर ब्लॉकखाली गेली. चिखल नको, साप नको, हे कमिटीचं कारण. मीटिंगमध्ये मी सरड्यांचा विषय काढला तर हशा पिकला. म्हणून इथे लिहितोय. लांबेल जरा.

सरड्याची मादी झाडावरून खाली उतरते, ओलसर माती उकरते, दहा-वीस अंडी घालते, वर माती सारखी करते आणि निघून जाते. मऊ कवचाची ही अंडी मातीतला ओलावा शोषूनच वाढतात. आता ही मादी पेव्हर ब्लॉकवर उतरली तर करणार काय? समोरच्या प्लॉटमध्ये जायचं म्हटलं तर मध्ये पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची भिंत. सरड्याला नुसती नखं असतात, खडबडीत खोडावर चालणारी. गुळगुळीत भिंतीवर ती काय कामाची?

पालीचं सगळंच उलट. तिच्या बोटांखालच्या पट्ट्या काचेवरही चिकटतात. एका वेळी दोनच अंडी, पण कवच कडक, सुक्यातही तग धरणारं. मीटरच्या पेटीत, एसीच्या मागे, कुठेही घालते. जिन्यातला दिवा म्हणजे तिच्यासाठी रात्रभर उघडी खानावळ. आपण बांधलेली प्रत्येक इमारत पालीचा रस्ता मोकळा करते आणि सरड्याचा बंद करते.

आणि ही पाल इथेच थांबलेली नाही. आपल्या भिंतींवर दिसणाऱ्या पालींपैकी एक जात मूळची दक्षिण आणि आग्नेय आशियातली. जहाजांतल्या मालाबरोबर ती ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक बेटं, मेक्सिकोपर्यंत पोचली. मादी नराचं वीर्य कित्येक महिने शरीरात साठवू शकते, त्यामुळे एकटी जरी पोचली तरी बस्तान बसतं. पॅसिफिक बेटांवर आधीपासून एक छोटी पाल आहे, नर नसलेली, माद्याच माद्यांना जन्म देतात. दिव्यांखाली किडे गोळा होतात तिथून आपल्या पालीने तिला हुसकावलं, असं 1993 मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. न्हावा शेवा बंदराच्या बाजूला कंटेनरची रांग दिसली की मला हे हटकून आठवतं. त्या बेटांवर ती घुसखोर, इथे ती घरची.

सरड्याची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. हाच आपला बागेतला सरडा 1980च्या दशकात सिंगापूरमध्ये शिरला. तिथल्या बागांत, रस्त्याकडेच्या झुडपांत असा फोफावला की मूळचा हिरवा सरडा जंगलाकडे सरकला. म्हणजे शहर म्हटलं की सरडा संपला, हे काही खरं नाही. उघडी माती आणि झुडूप मिळालं तर तो शहरातही राज्य करतो, परक्यांच्या शहरातसुद्धा! (तिथल्या हिरव्या सरड्याचं वाईट वाटतंच, ते वेगळं.) आपल्याकडे नेमक्या त्याच दोन गोष्टी आपण ‘सुशोभीकरण’ म्हणून काढून टाकतो आणि लॉन लावतो.

सापसुरळीला पालापाचोळा लागतो, तो आपण रोज झाडून गोणीत भरतो. घोरपड पारसिकच्या टेकडीवरून भर पावसात गटारातून एखाद्या पार्किंगमध्ये निघते की आरडाओरडा, मग सर्पमित्राला फोन. वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्याच अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, बसवलेला प्राणी हा. नेरूळच्या फ्लेमिंगोंसाठी लोक रस्त्यावर उतरतात, उतरायलाच हवं. घोरपडीसाठी कोण उतरणार? ती गुलाबी नाही.

यातच आता इग्वाना पाळायची हौस. शेपटीसकट पाच फुटांपर्यंत वाढतो हा. घरात मावेनासा झाला की टेकडीवर सोडून देऊ, असा विचार कुणाच्या मनात असेल तर फ्लोरिडा आणि तैवानकडे बघा. तिथे पाळलेलेच सुटले, आता आवरत नाहीत. याच कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची आहे, हेही लक्षात असू द्या.

माझं मागणं मोठं नाही. पेव्हर ब्लॉकचं कोटेशन येईल तेव्हा कंपाउंड वॉलच्या कडेने हातभर रुंद माती सोडायला सांगा. भिंतीच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती सिमेंटने लिंपू नका. शोभेच्या रोपांऐवजी करवंद, निरगुडी लावा. रात्री अकरानंतर बागेतले फोकस बंद.

साप येतील, असं कमिटी म्हणेलच. साप येतो उंदरांमागे आणि उंदीर येतात गेटजवळच्या उघड्या कचराकुंडीमागे. आधी तिला झाकण बसवा, मग मातीवर बोला.