अंशतः खरे आहे

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून माझी जुनी फाईल खाली आली. हॉल तिकिटं, चलनाच्या पावत्या, झेरॉक्सवाल्यानं तिरका छापलेला जातीचा दाखला. बायको म्हणाली, रद्दीत टाकू का? म्हटलं थांब, मोजू दे. २०१४ ते २०२१ या काळात केंद्र सरकारच्या नोकरीसाठी मी केलेले अर्ज अकरा निघाले. कर्मचारी निवड आयोगाचे सहा, रेल्वेचे चार आणि हौसेनं भरलेला एक यूपीएससीचा.

ही वर्षं धरून मोजायला कारण आहे. संसदेत सांगितलेला एक आकडा माझ्या डोक्यात कायमचा बसलाय आणि माझे हे अकरा त्यातच कुठेतरी आहेत.

२७ जुलै २०२२. लोकसभेत तेलंगणाचे काँग्रेस खासदार रेवंत रेड्डी यांनी केंद्रातल्या नोकरभरतीबद्दल विचारलं होतं. (हो, तेच, आता मुख्यमंत्री आहेत.) कार्मिक खात्याचे राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी लेखी उत्तर दिलं. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्राकडे अर्ज आले २२,०५,९९,२३८ आणि नोकरीसाठी शिफारस झाली ७,२२,३११ जणांची. म्हणजे हजार अर्जांमागे तीन आणि वर थोडं चिल्लर. वर्षवार शिफारशी बघितल्या तर २०१४-१५ मध्ये १,३०,४२३ आणि २०२१-२२ मध्ये ३८,८५०. मधे २०१९-२० ला आकडा एकदम १,४७,०९६ वर गेला आणि पुन्हा घसरला.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. बावीस कोटी अर्ज म्हणजे बावीस कोटी माणसं नाहीत. मी एकटाच अकरा आहे. माझा रूममेट चौदा-पंधरा तरी असेल, तो तर केंद्राचं जे निघेल ते भरायचा. पण माणसं कमी धरली तरी चित्र काही सुधारत नाही. एकेका पोरानं दहा-दहा ठिकाणी अर्ज का करावेत, हा प्रश्न उलट जास्त टोचतो.

याच उत्तरात पुढे सरकारनं काय काय केलं तेही होतं. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना, १.९७ लाख कोटींची तरतूद, त्यातून ६० लाख रोजगारांची क्षमता. विचारलं होतं सरकारी भरतीचं. क्षमता या शब्दावर आमच्या मेसवाल्या काकूंनी महिनाभर उधारीवर जेवायला घातलं असतं का, हा माझा उपप्रश्न.

आता त्याच आठवड्यात संसदेत आणखी काय चाललं होतं ते आठवून बघा. २५ जुलैला लोकसभेत महागाईविरोधात फलक फडकवले म्हणून काँग्रेसचे चार खासदार निलंबित झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत विरोधकांचे एकोणीस. चॅनेलवर दिवसभर तेच. गांधी पुतळ्यापाशी धरणं, रात्रीचा मुक्काम, फोटो. महागाईचा मुद्दा खोटा होता असं मी म्हणत नाही, सिलिंडर मीही आणतो. पण त्या फलकांवर काय लिहिलं होतं ते आज कुणालाही आठवत नाही. बावीस कोटी आणि सात लाख मात्र आजही प्रत्येक भाषणात, प्रत्येक वादात येतात आणि कुणाला खोडता येत नाहीत, कारण ते सरकारच्याच सहीचे आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. विरोधी पक्षाच्या हातात सत्ता नसते, तिजोरी नसते, फाईल नसते. एकच हत्यार असतं, ते म्हणजे मंत्र्याकडून आकडा लेखी काढून घेणं. आणि तेच हत्यार आपले बहुतेक विरोधक म्यानात ठेवून घसा फोडत बसतात.

आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांच्या याद्या कधी वाचल्यात का? मला नाद आहे. प्रश्नाचा साचा ठरलेला. ‘(१) अमुक तमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तरांचाही साचा ठरलेला. ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं. मंत्री थोडा उदार असेल तर ‘अंशतः खरे आहे’. मग ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’, ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’. ‘अंशतः खरे आहे’ लिहिणाऱ्या कारकुनाला माझा दंडवत. अख्खं प्रशासन या तीन शब्दांच्या फटीत राहतं.

इथेच विरोधकाची कसोटी लागते. ‘बेरोजगारी वाढली आहे, हे खरे आहे काय’ असं विचारलंत की ‘हे खरे नाही’ येणारच. अशी दारं उघडी ठेवायची आणि मग मंत्री पळाला म्हणून बोंब मारायची, याला काय अर्थ आहे? विचारा की अमुक खात्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, जाहिरात कोणत्या तारखेची, निकाल कधी, नेमणूकपत्र कधी. अशा प्रश्नाला ‘उद्भवत नाही’ म्हणायला फार कोडगेपणा लागतो.

कोडगेपणा लागतो म्हणजे तो नसतोच असं नाही. सप्टेंबर २०२० आठवा. कोरोनामुळे संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता. मंत्र्याला समोरासमोर उपप्रश्न विचारायची सोय गेली, नुसती लेखी उत्तरं उरली. १४ सप्टेंबरला विरोधकांनी विचारलं, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? कामगार मंत्री संतोष गंगवार यांच्या खात्याचं उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही. भरपाई दिली का? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. इंग्रजीत होतं, पण साचा आपलाच.

मराठवाड्यातल्या माणसाला हे उत्तर वाचून काय वाटलं असेल? ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली होती. जालन्याहून भुसावळच्या दिशेनं चालत निघालेली मध्य प्रदेशातली माणसं. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला. आणि सरकारकडे माहिती नाही.

पण बघा, त्याच आठवड्यात तृणमूलचे डेरेक ओब्रायन यांनी राज्यसभेत फक्त मजुरांना घरी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्यांपुरता प्रश्न विचारला. रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी उत्तर दिलं: ९ सप्टेंबरपर्यंत त्या गाड्यांमध्ये ९७ मृत्यू. एका मंत्रालयाकडे काहीच नव्हतं, दुसऱ्याकडे ९७ होते. प्रश्न अरुंद केला तसा मंत्री निसटला नाही.

आता दुसरी बाजूही बोलू, नाहीतर मला कुणाचा तरी कार्यकर्ता ठरवाल. महाराष्ट्रात २०१९ पासून इतक्या उलथापालथी झाल्या की बाकावर बसणारे सगळेच दोन्हीकडे बसून आलेत. काल ‘विलंबाची कारणे काय’ विचारणारा आज ‘विचाराधीन आहे’ म्हणतो आणि आज विचारणारा काल तेच म्हणत होता. सप्टेंबर २०२३ चा कंत्राटी भरतीचा जीआर घ्या. सरकारी कामासाठी नऊ खासगी संस्थांमार्फत माणसं. पोरं रस्त्यावर उतरली, विरोधकांनी रान उठवलं आणि ऑक्टोबरमध्ये देवेंद्र फडणवीसांनी तो रद्द केल्याचं जाहीर केलं. जाहीर करताना म्हणाले काय, तर हे पाप आधीच्या सरकारांचं. म्हणजे उत्तर मागणारेच आरोपी! आणि तो आरोप, साच्यातच बोलायचं तर, अंशतः खरा होता.

म्हणून मला ते जुने लोक आठवतात ज्यांना ही अडचण फारशी नव्हती. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, शेकापचे, अकरा वेळा निवडून आलेले. दोनदा थोडा काळ मंत्री झाले, बाकी आयुष्य विरोधी बाकावर. पाणीवाली बाई मृणालताई गोरे १९७२ ला विधानसभेत गेल्या. पुढे गर्भलिंगचाचणीविरोधात अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं) घेऊन त्या सरकारच्या मागे लागल्या आणि १९८८ ला महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा तसा कायदा केला. बाईंच्या हातात ना गृहखातं होतं, ना आरोग्य. त्यांच्याकडे कागद असायचे. आज आमदाराच्या मागे कागद घेऊन पीए धावत नाही, व्हिडिओसाठी मोबाईल स्थिर धरणारं गिंबल घेऊन धावतो.

मला स्वतःला अजून एक आकडा हवाय. २०२३ ची तलाठी भरती. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांच्या वर. फी खुल्या गटाला हजार, राखीवला नऊशे. सगळे नऊशेच धरले तरी ढोबळ हिशेबानं नव्वद कोटी होतात. त्यातले परीक्षा घेणाऱ्या कंपनीला किती गेले, सरकारकडे किती उरले, उरले असतील तर कुठे खर्च झाले? यात माझा भाचा आहे. त्याचे हजार, वर परभणीहून नांदेडच्या केंद्रावर जायचं भाडं, लॉजचे पाचशे.

म्हणून मागच्या महिन्यात आमच्या आमदारसाहेबांच्या (नाव कशाला घेऊ, विरोधी बाकावर असतात) ऑफिसात गेलो. साहेब नव्हते. पीए होते, भला माणूस, चहा पाजला. मी साच्यात लिहून नेलेला प्रश्न पुढे केला. ‘(१) तलाठी भरती २०२३ मध्ये उमेदवारांकडून जमा झालेल्या परीक्षा शुल्काची एकूण रक्कम किती आहे, (२) त्यापैकी परीक्षा घेणाऱ्या कंपनीस किती रक्कम अदा करण्यात आली...’

त्यांनी वाचला, परत वाचला. म्हणाले, “दादा, प्रश्न चांगलाय, पण यात ‘हे खरे आहे काय’ कुठंय?”

म्हटलं, मुद्दामच नाही टाकलं.

ते हसले. म्हणाले, व्हॉट्सॲपला टाका, नागपूरच्या अधिवेशनाच्या गठ्ठ्यात घालतो. मंगळवारी टाकलाय. दोन निळ्या टिक आल्यात.