सात जणांची कमिटी आणि टाकीची किल्ली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुक्त सॉफ्टवेअरचं पॅकेज (इतरांना बसवता येईल असा बांधलेला प्रोग्रॅम) एकट्या मेंटेनरने, म्हणजे सांभाळणाऱ्याने, बघावं की टीमने, यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "टीमचं पॅकेज म्हणजे आमच्या सहकारनगरातली सोसायटी. कमिटीत सात जण, टाकी धुवायला कोणी नाही. एक्सझेड (फाईल्स दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) तर दुसरा मेंटेनर घेतला म्हणूनच गोत्यात आलं. एकटा जबाबदार माणूस बरा."

टाकीचं अर्धं मान्य. डेबियन या लिनक्स वितरणाच्या नियमातही ही शंका धरलेली आहे. पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाईलमधल्या मेंटेनर रकान्यात टीमचा पत्ता असेल, तर अपलोडर्स रकान्यात निदान एका हाडामांसाच्या माणसाचं नाव लागतंच. घोळ होतो तो ही यादी शिळी झाल्यावर. तीन वर्षं काही न केलेली नावं तशीच राहतात आणि बग आला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. दर मोठ्या रिलीजनंतर यादी चाळावी, गप्प असलेल्याला एकदा विचारून नाव काढावं.

एक्सझेडबद्दल मात्र तुमचा निष्कर्ष उलटा आहे. २९ मार्च २०२४ ला उघड झालेली मागची वाट (बॅकडोअर, म्हणजे लपून आत शिरायची सोय) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये होती. मूळ मेंटेनर वर्षानुवर्षं एकटा आणि दमलेला होता, त्याच्यामागे 'दुसरा माणूस घ्या' असा तगादा लावला गेला, आणि आलेल्या माणसाने पुढे रिलीज एकट्याने काढले. दोन नावं होती, पण नजर एकच. बिघडवलेल्या टेस्ट फाईल्स गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साठ्यात) होत्या; त्यांना जागं करणारी बिल्ड-टू-होस्ट नावाची एम४ फाईल (प्रोग्रॅम बांधताना वापरली जाणारी) फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे रिलीज म्हणून वाटलेल्या फाईल्सच्या गठ्ठ्यात. ऑटोटूल्स या बांधणीच्या साधनांनी केलेल्या टारबॉलमध्ये आपोआप तयार झालेल्या फाईल्स असतातच, त्यामुळे गिटशी तुलना केली की शेकडो ओळींचा फरक निघतो. लपायला याहून चांगली जागा नाही! बांधणीच्या फाईल्स नव्याने तयार करणारं ऑटोरीकॉन्फ चालवूनही ती फाईल बदलली नसती, कारण तिचा सिरियल क्रमांक मूळच्या ३ ऐवजी ३० केला होता. साधनाला ती नवी वाटते.

म्हणून शक्य तिथे पॅकेज गिट टॅगवरून (गिटमध्ये त्या आवृत्तीवर लावलेल्या खुणेवरून) बांधावं, आयत्या टारबॉलवरून नाही.

पायथॉनवाल्यांसाठी: पायपीआयवर (पायथॉनची पॅकेजं जिथून वाटली जातात तिथे) निदान दोन ओनर ठेवा. मेंटेनरला नवी आवृत्ती चढवता येते, पण माणसं जोडता-काढता येत नाहीत. लॅपटॉपवरचं टोकन (अपलोडची कायमची चावी) बंद करून ट्रस्टेड पब्लिशिंग लावा, म्हणजे अशा चावीशिवाय थेट गिटहबसारख्या कोड ठेवायच्या सेवेवरून अपलोड होईल; आणि गिटहबच्या एन्व्हायर्नमेंट या सेटिंगमध्ये मंजुरी सक्तीची करून 'स्वतःची मंजुरी स्वतः नाही' हा पर्यायही चालू करा. तो विसरला की रिलीज काढणाराच मंजुरीचं बटण दाबून मोकळा होतो, आणि तुमची कमिटी खरी ठरते.

आता एकटा माणूस गायब झाला तर? डेबियनमध्ये पॅकेज वाचवण्याची रीतसर वाट आहे. 'आयटीएस' (इंटेंट टू साल्वेज, म्हणजे पॅकेज वाचवायचा इरादा) मथळ्याचा बग टाकायचा, २१ दिवस थांबायचं, मग निदान ७ दिवसांच्या उशिराने अपलोड. म्हणजे कमीत कमी २८ दिवस, आणि मधेच मेंटेनरने हरकत घेतली तर तेही थांबतं. सुरक्षेचा बग तेवढा थांबत नाही; तिथे दुसरा डेव्हलपर फक्त दुरुस्तीपुरतं अपलोड करतो, बाकी मांडणीला हात लावत नाही.

दोनशे ओळींचं, वर्षात एकदा हलणारं पॅकेज एकट्यानेच सांभाळावं, तिथे मी तुमच्याच बाजूचा. फक्त डेबियनच्या विकीवर 'माझ्या पॅकेजला खुशाल हात लावा' म्हणणाऱ्यांची यादी आहे, तिथे नाव घालून ठेवा.