केशव की माधव? हात मोजायचे कुठून

कोकणात केशवाची देवळं कमी नाहीत. आसूद, कोळिसरे, बिवली ही त्यातली नावाजलेली. वाद पेटला तो मात्र एका लहानशा देवळातल्या मूर्तीवरून. केशव, माधव ही विष्णूचीच रूपं; चार हातांतल्या आयुधांच्या क्रमावरून ओळखायची. पक्याने मोबाईल पुढे केला. "पाटीवर केशव लिहिलंय, पण हा माधव आहे. गदा, चक्र, शंख, पद्म. बघा क्रम!"

"मोजलंस कुठून?" सुहासदादाने विचारलं.

"उजव्या खालच्या हातापासून. वर, पलीकडे, मग खाली."

"उजवा कुणाचा? तुझा की देवाचा?"

पक्या गप्प. सगळा घोळ इथेच होतो. मोजायचं देवाच्या उजव्या खालच्या हातापासून, प्रदक्षिणेच्या दिशेने. तसं मोजलं की पद्म, शंख, चक्र, गदा, म्हणजे केशव. उलट्या बाजूने मोजलं की तोच माधव होतो. नारायणाचं तसंच: शंख, पद्म, गदा, चक्र. उलटा मोजा, गोविंद हजर! चार आयुधांचे क्रम चोवीस, म्हणून मूर्तीही चोवीस. संध्यावंदनात आचमनाच्या वेळी घेतात ती नावंही हीच. पहिल्या तीन नावांना पाणी प्यायचं, 'गोविंदाय नमः' म्हणताना ताम्हनात सोडायचं.

"मग सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत?" मनोजने खोच काढली.

"फोटो आरशासारखा उलटा निघाला तर तिथेही केशवाचा माधव. आधी मागच्या पाटीवरची अक्षरं सुलटी आहेत का बघ."

पक्या तरी हटेना. "उजव्या खालच्या हातात पद्म दिसतंय कुठे? हात तर वरदान देतोय."

झूम केल्यावर दिसली, तळव्यालगत कोरलेली बारीक कळी. बऱ्याच मूर्तींत पद्म असंच वरदहस्तात असतं नि गंधाच्या थराखाली बुजून जातं. त्यात वस्त्र नेसवलं की खालचे दोन्ही हात झाकले जातात. म्हणून बघायचंच असेल तर सकाळी अभिषेकाच्या वेळी, पूजा बांधायच्या आत जावं. गुरवांना आधी विचारावं, गाभाऱ्यात फ्लॅश मारू नये.

"आणि ग्रंथच एकमेकांशी जुळत नसले तर?" पक्याचा शेवटचा बाण.

हा मात्र बरोबर लागला. चोवीसपैकी काही नावांचे क्रम पुराणांत नि शिल्पग्रंथांत वेगळे सापडतात. तिथे निव्वळ हात मोजून नाव ठोकून देणं धाडसाचंच.

"पण केशवाबद्दल तो घोळ नाही, मेल्या," सुहासदादा म्हणाला. "चहा तुझ्याकडे."