मैलामागे दोन सेंट

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात राहायला आले तेव्हा पंपावर गाडीतून उतरून नोझलला हात लावला, तर आतला पोरगा ओरडतच बाहेर आला. २०२३ पर्यंत इथे बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी होती. आता तो पोरगा भेटत नाही, कारण माझी गाडी विजेवर चालते. पण पंप सुटला तसा गॅलनमागे ४० सेंटचा राज्याचा करही सुटला, आणि रस्ते त्याच पैशातून होतात.

पेट्रोलवर कर लावणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य हेच, १९१९ साली. गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या की तिजोरी आटणार, हेही यांनी लवकर ओळखलं. २०१३ मध्ये विधिमंडळाने सिनेट बिल ८१० मंजूर करून परिवहन खात्याला फर्मावलं, मैलावर पैसे घेणारी योजना उभी करा. जुलै २०१५ मध्ये 'ओरेगो' सुरू झाली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक छोटी डबी खोचायची, ती मैल मोजते. सुरुवातीला मैलाला दीड सेंट, नंतर दोन. पंपावर भरलेला कर वजा होतो. पाळतीची धास्ती असेल तर जीपीएस नसलेली डबी घ्या.

एवढं सगळं नीट बसवलं आणि योजना ठेवली ऐच्छिक! कर कधी कुणी हौसेने भरलाय?

माझंच बघा. विजेच्या गाडीला नोंदणीच्या वेळी जादा ठोक रक्कम पडते, 'ओरेगो'त गेलं तर ती वाचते. माझं ऑफिस लांब, मैल मोजले तर महाग पडेल. म्हणून मी नाव घातलं नाही. जो कमी फिरतो तो घालतो. म्हणजे दोघांचीही बचत, आणि रस्त्याच्या हाती काय?

शेजारच्या काकांचा जुना पिकअप गॅलनला पंधरा मैल देतो. वर्षाला १०,००० मैल धरले तर पंपावर साधारण २६७ डॉलर कर. मैलाच्या हिशेबाने २००च. पण गॅलनला २० मैलांपेक्षा कमी देणाऱ्या गाड्यांना पुढे योजनेचं दारच बंद केलं. नाहीतर वरचा फरक राज्यालाच त्यांना उलटा द्यावा लागतो ना! (वजनाचं तर बोलायलाच नको. ट्रकवाले इथे वजन आणि मैल दोन्हींवर भरतात, पण अगडबंब विजेची एसयूव्ही आणि जुनी कोरोला एकाच दरात.)

परवा कुंपणापाशी उभं राहून काकांना हे आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि तू किती भरतेस?"

मी पावसाचा विषय काढला.