मुंबई-नागपूर 48 मिनिटांत? भागाकार बरोबर, उत्तर चूक

नागपूरकरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मुंबई-नागपूर हवाई अंतर 680 किमी, विमानाचा वेग ताशी 850. म्हणजे 48 मिनिटं! मग तिकिटावर दीड तास का? वेळ फुगवून भाडं उकळतात. जाता-येता वेळेत फरक पडतो तो पृथ्वी फिरते म्हणून. त्यापेक्षा समृद्धीनं आठ तासांत घरी!'

अंतराबद्दल तक्रार नाही. सरळ रेषेत 683 किमीच्या आसपास भरतं. कुठे 369 दिसलं तर दचकू नका. ते नॉटिकल मैल, एक मैल 1.852 किमीचा.

घोळ वेगात आहे. 850 हा विमान पुरेसं वर गेल्यावरचा वेग. 10,000 फुटांखाली साधारणपणे 250 नॉटची, म्हणजे ताशी 463 किमीची मर्यादा असते. एवढ्याशा पल्ल्यात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. शिवाय तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते. विमान मुंबईत जागेवरून हललं की घड्याळ सुरू, नागपुरात जागेवर उभं राहिलं की बंद. आणि मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम चालवता येत नाहीत. उडणारी आणि उतरणारी, सगळी विमानं एकीवरच. रांगेत नंबर मागे असला की वीस मिनिटं जमिनीवरच गेली म्हणून समजा. परतीला तीच रांग आकाशात लागते. खिडकीतून तोच डोंगर दुसऱ्यांदा दिसला की ओळखायचं.

वेळ फुगवतात, हे मात्र थोडं खरं. 15 मिनिटांपर्यंतचा उशीर 'वेळेवर'मध्येच मोजतात, तरी कंपन्या वेळापत्रक सैल ठेवतात. पण भाडं मिनिटांवर ठरत नाही. तसं असतं तर दिवाळीच्या आदल्या दिवशी हेच विमान चार तास उडत राहिलं असतं.

आता पृथ्वी. नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,560 किमी वेगानं पूर्वेकडे सरकते. विमान त्यापासून सुटं असतं, तर मुंबईहून निघालेल्या विमानाला नागपूर कधी सापडलंच नसतं. तेच पुढे पळत राहिलं असतं! आणि परतीचा प्रवास 17 मिनिटांत आटोपला असता. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमानही त्या हवेतच. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, म्हणून नागपूरला जाताना पाठराखण मिळते. ऐन पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेकडून येतात आणि हिशेब उलटतो. पृथ्वी काही जूनमध्ये दिशा बदलत नाही.

राहिली समृद्धी. जून 2025 पासून हा 701 किमीचा रस्ता पूर्ण खुला आहे आणि आठ तासही खोटे नाहीत. पण ते भिवंडीजवळच्या आमण्यापासूनचे; अंधेरीहून तिथवर पोचणं हा वेगळा प्रवास. आणि ताशी 120 ची मर्यादा पाळायची तर जेवणाला किती वेळ उरतो, तेही बघा. विमानाचा घर ते घर हिशेब अंधेरीकराला साधारण पाच तासांचा पडतो: घर ते विमानतळ, दीड-दोन तास आधी हजेरी, उड्डाण, सामानाचा पट्टा, रिक्षा. कल्याणहून निघणाऱ्याचं गणित बरंच जवळ येतं.

गाडीत चौघं असतील तर मीही समृद्धीच धरतो. 15 किलोच्या मर्यादेत संत्र्याच्या पेट्या बसत नाहीत.