प्रतिक्रियेला उत्तर: फळीवर भागतंय, मग चौदा फुटांचा रॅम्प कशाला?

नमस्कार.

दाराला दोन पायऱ्या आहेत, त्यांवर चार फुटांची फळी टाकून वडिलांची व्हीलचेअर तुम्ही रोज ने-आण करता. १:१२ उताराचा (एक इंच चढाला बारा इंच लांबी) माझा आग्रह म्हणजे बंगलेवाल्यांची चैन, असं तुम्ही लिहिलंत. जागेची अडचण खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. पण उताराबद्दलचं म्हणणं मी मागे घेणार नाही.

पायरी सात इंचांची धरली तर चढ चौदा इंचांचा. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरू. चार फुटी फळीवर त्यातला साधारण २६ किलोंचा भार तुमच्या हातांवर येतो, म्हणजे जवळजवळ भरलेल्या गॅस सिलिंडरएवढा. चौदा फुटांच्या उतारावर तोच साडेसात किलोंच्या आसपास राहतो. तुम्हाला २६ किलो झेपतात. तुम्ही कामावर गेल्यावर घरात जे कोणी असतं, त्यांना झेपतील? आणि वडिलांनाच कधी स्वतः चाकं फिरवत बाहेर यावंसं वाटलं तर? रॅम्पची लांबी घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाकडे बघून ठरवावी, एवढंच मी म्हणतोय.

घडीच्या ॲल्युमिनियम रॅम्पवर ‘क्षमता २५० किलो’ लिहिलेलं असतं, मग भीती कसली, असंही तुम्ही विचारलंत. रॅम्प वाकणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. चढ किती उभा होणार हे तुमच्या पायऱ्यांवर ठरतं. उभ्या चढावर खुर्ची मागे कलंडू शकते. उतरताना फूटरेस्ट जमिनीला अडला की बसलेला माणूस पुढे फेकला जातो. म्हणून उतरवताना खुर्ची उलटीच घ्या: तुम्ही खालच्या बाजूला, वडिलांचं तोंड दाराकडे.

आता जागेचं. उतार सरळच हवा असं नाही. भिंतीलगत वळवता येतो, फक्त वळणावर पाच फूट लांब-रुंद सपाट जागा लागते. मागच्या दाराला एकच पायरी असेल तर सात फुटांत काम होतं, आणि ते दार मोजायचं बहुतेकांना सुचतच नाही. नुसता उंबरठाच अडत असेल तर प्रश्न फार लहान आहे. जुन्या इमारतीत जागाच नसेल तेव्हा अमेरिकेतले नियमसुद्धा तीन इंचांपर्यंतच्या उंचीला १:८ उतार चालवून घेतात, म्हणजे दोन फूट पुरतात.

आपल्याकडे खरा घोळ करतं ते बाहेर उघडणारं सेफ्टी डोअर. उतार थेट दाराला भिडवला, तर दार उघडायला खुर्ची उतारावरच मागे घ्यावी लागते. वर सपाट ओटा ठेवा. तेवढी जागा नसेल तर दार आत उघडेल असं बसवून घ्या.

पक्का रॅम्प बांधलात तर गुळगुळीत ग्रॅनाइट नको, पावसाळ्यात त्यावर पायसुद्धा ठरत नाही. कोबा ओला असतानाच गवंड्याला खराट्याने आडव्या रेघा ओढायला सांगा. दोन्ही कडांना चाक अडेल असा कट्टा आणि मधे किमान तीन फूट मोकळी रुंदी ठेवा.

तोवर फळीचं वरचं टोक उंबरठ्याला पक्कं अडकवा, भार आला की ती मागे सरकते. आणि मला मापं कळवा: जमिनीपासून उंबरठ्याच्या माथ्यापर्यंतची उंची, दारासमोरची मोकळी जागा, दार पूर्ण उघडल्यावर मिळणारी रुंदी. मागच्या दाराचीही.