नागीण, गेरू आणि पहिले ७२ तास

नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नागिणीविषयीचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नागीण म्हणजे अंगातली उष्णता कातडीवाटे बाहेर पडणे, औषध घेतल्यास ती आत दबते, रुग्णाजवळ गेल्यास आपल्यालाही होते, कमरेभोवती तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, म्हणून जाणत्याकडून गेरू लावून ती उतरवून घ्यावी, सात दिवसांत गुण येतो.

पहिला मुद्दा उष्णतेचा. नागीण कातडीवर दिसत असली तरी मुळात ती मज्जातंतूंचा आजार आहे, आणि हे समजण्यात इंग्लंडमधील सायरनसेस्टर या गावातल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्याकडे नोंदलेल्या सुमारे ३,५०० लोकांमधील नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची १६ वर्षे नोंद ठेवली. असे १९२ रुग्ण झाले. कांजिण्यांची साथ आली म्हणून नागिणीचे रुग्ण वाढत नव्हते, वय वाढेल तसे मात्र ते वाढत होते; म्हणजे हा आजार बाहेरून लागत नसून रुग्णाच्या आतच दबा धरून बसलेला असावा. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो, असे त्यांनी १९६५ साली मांडले. डॉ. डॉन गिल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८३ साली मृत व्यक्तींच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत याच विषाणूचा डीएनए सापडला, तेव्हा त्या तर्काला प्रत्यक्ष आधार मिळाला.

संसर्गाविषयीच्या भीतीचे उत्तरही इथेच आहे. ओल्या फोडांतल्या पाण्यातून विषाणू पसरू शकतो, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला त्यातून कांजिण्या होतात, नागीण नव्हे. तान्ही बाळे आणि गरोदर स्त्रिया यांनी जपावे. बाकीच्यांनी रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

तोंड-शेपटीची समजूत सर्वांत भीतिदायक आहे आणि तिला शरीररचनेचा आधार नाही. कण्यातून उजवीकडे आणि डावीकडे वेगवेगळे मज्जातंतू निघतात, प्रत्येक जण आपल्या बाजूचा पट्टा सांभाळतो, आणि विषाणू बहुधा एकाच बाजूच्या गाठीत जागा झालेला असल्यामुळे पुळ्यांची रांग पोटाच्या मध्यरेषेपाशी आखून दिल्यासारखी थांबते. क्वचित दोन्ही बाजूंना उठते, पण वेढा जुळल्यामुळे कोणी मरत नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांत विषाणू फुप्फुसांत किंवा मेंदूत पसरून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि अशा रुग्णाला तर गेरूची नव्हे, रुग्णालयाची गरज असते.

आता गुण येण्याविषयी. पुळ्या साधारण सात ते दहा दिवसांत खपली धरतातच, गेरू लावा वा न लावा, आणि श्रेय मात्र लेपाला मिळते. दरम्यान हातची वेळ जाते. असायक्लोव्हिरसारखी विषाणूरोधक औषधे पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडतात. ती काहीही आत दाबत नाहीत, विषाणूची वाढ रोखतात. त्यांच्यामुळे नंतरची चिवट वेदना टळेलच अशी हमी कोणी देऊ नये, पण फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीच्या यातना कमी होतात. गिल्डेन यांच्या पुढच्या संशोधनातून आणखी एक गंभीर गोष्ट पुढे आली: हा विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचून पक्षाघात घडवू शकतो. पन्नाशीनंतर घेण्याची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते. ती महाग आहे, तरी डॉक्टरांशी बोलून विचार जरूर करावा.

हे इतक्या कळकळीने लिहिण्याचे कारण माझी आत्या आहे. तिच्या कपाळावर आणि डाव्या पापणीवर पुळ्या उठल्या, तेव्हा घरच्यांनी पाच दिवस गेरू लावला. सहाव्या दिवशी दवाखान्यात नेले, तर वाळलेला गेरू खपल्यांना इतका चिकटला होता की नर्सबाईंना तो ओल्या कापसाने कणाकणाने सोडवावा लागला. पापणी उघडल्यावर आत्या म्हणाली, “धुरकट दिसतंय गं.” नाकाच्या शेंड्यावरही दोन पुळ्या निघाल्या. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूची शाखा जाते, म्हणून तिथे पुळी दिसताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचे असते. लेपाखाली त्या कोणाला दिसल्याच नव्हत्या.